हॅरिएट आजीचं पेन्शन

१० मार्चला आपल्या वस्त्यांतून सावित्रीमाईचा फोटो मांडला जातो. खुर्चीवर फोटो, दोन मेणबत्त्या, हार, एखादं भाषण. १८९७ साली त्या तारखेला सावित्रीबाई प्लेगनं गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर टाकून त्यांनी यशवंतच्या दवाखान्यात आणलं आणि त्याच रोगानं त्यांना नेलं. हे आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

त्याच तारखेला, सोळा वर्षांनी, १० मार्च १९१३ ला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी एक काळी म्हातारी न्यूमोनियानं मेली. नाव हॅरिएट टबमन. जन्मली तेव्हा गुलाम होती. मेली तेव्हा वय नव्वदीच्या पुढे. लिहितावाचता येत नव्हतं. धर्मानं ख्रिस्ती, आणि तीही नावापुरती नव्हे, हाडाची.

तारीख जुळली म्हणून मी हे लिहितोय असं समजू नका. तारखा जुळवणं हा पंचांगवाल्यांचा धंदा. मी लिहितोय ते हॅरिएटच्या म्हातारपणाबद्दल. तिची तरुणपणाची गोष्ट तुम्ही कुठंतरी ऐकलेली असेल. रात्र, जंगल, ध्रुवतारा, कमरेला पिस्तूल, मागं पळणाऱ्या गुलामांची रांग. पोस्टरवर हे फार शोभतं. पण ही पळवापळवीची वर्षं मोजली तर दहा-अकरा भरतात. त्यानंतरची पन्नासेक वर्षं ती ऑबर्नच्या आपल्या तुकडाभर जमिनीवर भाजी लावत, डुकरं पाळत, म्हातारेकोतारे सांभाळत आणि सरकारच्या दारात आपल्या कष्टाचे पैसे मागत जगली. त्या पन्नास वर्षांचं पोस्टर कुणी काढत नाही.

एक मित्र म्हणाला, ख्रिस्ती बाईचं आपल्या अंकात काय काम? आपण धर्म सोडून आलेली माणसं. मी म्हटलं, जोतीरावांना विचार. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्याच्या कामी औदार्य दाखवलं. महाडच्या, नागपूरच्या किती आधी आपल्या चळवळीनं त्या समुद्रापलीकडच्या माणसांशी नातं जोडलं होतं! पुढं १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते तिकडूनच. मग जोतीरावांनी ज्या लढ्याला मान दिला त्यातली खुद्द गुलाम बाई आपल्याला परकी कशी? जोतीरावांचं पुस्तक छापून झालं त्या साली हॅरिएट पन्नाशी ओलांडून ऑबर्नमध्ये राहत होती. हे पुस्तक तिच्यापर्यंत गेलं नसणार, गेलं असतं तरी वाचता आलं नसतं. पण ते तिच्यासारख्यांचं होतं.

आता मुळापासून सांगतो, पण थोडक्यात.

मेरीलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर डॉर्चेस्टर म्हणून परगणा आहे. दलदल, खाड्या, लाकूडतोडीची जंगलं. तिथं १८२२ च्या सुमाराला ती जन्मली. सुमाराला म्हणायचं कारण गुलामाच्या जन्माची तारीख कोण ठेवतो? आपल्या आज्या नाही का सांगायच्या, ‘मोठा दुष्काळ पडला त्या साली झाले’, तसंच. आईबापांनी ठेवलेलं नाव अरामिंटा, हाक मारायची ती मिंटी. आई रिट, बाप बेन रॉस. नऊ लेकरं. त्यातल्या तीन बहिणी दक्षिणेत विकल्या गेल्या, त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

पाच-सहा वर्षांची असताना मालकानं तिला दुसऱ्याकडे भाड्यानं दिली. काम काय, तर बाईचं बाळ रात्रभर जोजवायचं. बाळ रडलं की चाबूक. मानेवरचे ते वळ तिच्या म्हातारपणीही दिसायचे. दुसऱ्या एका मालकाकडे थंडीच्या पाण्यात उतरून पाणउंदरांचे सापळे तपासायचे. अंगात गोवर असतानासुद्धा.

तेरा-चौदा वर्षांची असेल. बकटाऊन गावातल्या दुकानात एक गुलाम मुकादमाला चुकवून पळायला लागला. मुकादमानं काट्यावरचं दोन पौंडांचं वजन उचलून त्याच्यावर फेकलं. ते लागलं दारात उभ्या असलेल्या मिंटीच्या डोक्याला. कवटी फुटली. दोन दिवसांत तिला पुन्हा शेतात उभं केलं, डोळ्यांवर रक्त आणि घाम ओघळत असताना. त्या दिवसापासून मरेपर्यंत तिला मधेच गुंगी यायची. बोलता बोलता झोप लागायची, थोड्या वेळानं जागी झाली की वाक्य पुढं चालू. आणि तिला स्वप्नं दिसायची, आवाज ऐकू यायचे. डॉक्टर म्हणतात डोक्याच्या माराचा हा परिणाम. ती म्हणायची देव बोलतो.

इथं आपल्यासारख्यांना अडखळायला होतं. मीही अडखळलो. बुद्धाच्या वाटेनं चाललेल्या माणसानं देव बोलतो म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं? पण नीट बघा. मालकही ख्रिस्तीच होता. तो ज्या चर्चमध्ये जायचा तिथला पाद्री गुलामांना बायबलमधलं एकच सांगायचा, धन्याची आज्ञा पाळा. त्याच पुस्तकात मोझेसची गोष्टही आहे, इजिप्तच्या गुलामीतून आपले लोक सोडवून नेणाऱ्याची. ती गोष्ट मालकाला नकोशी होती. हॅरिएटनं तीच उचलली. तिचे लोक पुढं तिलाच मोझेस म्हणायला लागले. ज्या चर्चची ती झाली ते आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल झायन चर्च. १७९६ साली न्यूयॉर्कच्या काळ्या माणसांनी गोऱ्यांच्या चर्चमधली हीन वागणूक सोडून आपली वेगळी प्रार्थना सुरू केली, त्यातून ते उभं राहिलं. म्हणजे देव तोच, पण बाकडं वेगळं मांडलं. आपण बाकडंच नाही, घरच बदललं. रस्ते वेगळे आहेत, मला ते झाकायचं नाही. पण तिची प्रार्थना दुबळ्याची प्रार्थना नव्हती. मालक आजारी पडला तेव्हा आधी तिनं त्याचं मन बदलू दे म्हणून प्रार्थना केली. तो आपल्याला विकणार हे कळल्यावर, बदलत नसेल तर त्याला मारून टाक, अशी केली. १८४९ च्या मार्चमध्ये मालक खरंच मेला, तेव्हा तिला वाईट वाटलं. हे सगळं तिनंच मागाहून सांगितलेलं आहे.

त्या आधी १८४४ च्या सुमारास तिनं जॉन टबमन नावाच्या स्वतंत्र काळ्या माणसाशी लग्न केलं आणि हॅरिएट हे नाव घेतलं. मालक मेल्यावर विक्रीची टांगती तलवार आली. १८४९ च्या सप्टेंबरात ती दोन भावांसह पळाली. भाऊ घाबरले, सगळे परत आले. मग ती एकटी निघाली आणि फिलाडेल्फियाला पोचली. मालकिणीनं पेपरात दिलेली जाहिरात आजही उपलब्ध आहे. त्यात ‘मिंटी, वय सुमारे २७’ असं आहे आणि इनाम आहे राज्याबाहेर सापडली तर १०० डॉलर, राज्यात सापडली तर ५०.

हा १०० चा आकडा लक्षात ठेवा. कारण तुम्ही कुठल्याही पत्रकात वाचाल की तिच्या डोक्यावर ४०,००० डॉलरचं इनाम होतं, तिनं १९ फेऱ्या मारल्या आणि ३०० गुलाम सोडवले. हे आकडे खरे नाहीत. १९ आणि ३०० हे सेरा ब्रॅडफर्ड या गोऱ्या लेखिकेनं १८६९ साली निघालेल्या तिच्या चरित्रात घातले. हेतू चांगला होता, पुस्तक विकून हॅरिएटचं कर्ज फेडायचं होतं, आणि त्यातून सुमारे १,२०० डॉलर तिला मिळालेही. पण हॅरिएट स्वतः १८५८-५९ मध्ये सभांतून जे सांगायची ते आठ-नऊ फेऱ्या आणि पन्नास-साठ माणसं. आजचे अभ्यासक, केट क्लिफर्ड लार्सन वगैरे, सगळे कागद तपासून सांगतात की साधारण तेरा फेऱ्या आणि सत्तरच्या आसपास माणसं. शिवाय आणखी तेवढ्यांनाच तिनं वाट सांगून दिली.

सत्तर. मला हा सत्तरचा आकडा तीनशेपेक्षा मोठा वाटतो. कारण ही सत्तर माणसं नावानिशी सापडतात. भाची केझाया आणि तिची दोन लेकरं, १८५० च्या डिसेंबरात, केंब्रिजच्या कोर्टापुढच्या लिलावातून. मग भाऊ. मग १८५७ मध्ये सत्तरी ओलांडलेले आईबाप, जे पायी चालू शकत नव्हते म्हणून मोडक्या गाडीवर. हिवाळ्याच्या लांब रात्री निवडायची. शनिवारी रात्री निघायचं, कारण जाहिरात सोमवारच्या आत छापता येत नाही. रडणाऱ्या तान्ह्यांना अफूचं औषध देऊन झोपवायचं. अर्ध्या वाटेत कुणी परत फिरतो म्हणाला तर पिस्तूल दाखवायचं, कारण परत गेलेला माणूस सगळ्यांची वाट फोडतो. १८५० च्या कायद्यानं उत्तरेतसुद्धा गुलाम पकडून परत धाडता यायला लागले, म्हणून पुढं थेट कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सपर्यंत न्यायचं.

नावं सापडतात ती विल्यम स्टिलमुळं. हा फिलाडेल्फियातला काळा कार्यकर्ता. येणाऱ्या प्रत्येक पळपुट्याला तो बसवून विचारायचा, नाव काय, मालक कोण, मागं कोण राहिलं, आणि वहीत उतरवायचा. वह्या लपवून ठेवल्या. १८७२ साली त्याचं पुस्तक झालं.

आपल्याकडे अशी वही कुणी धरली? १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात कडेवर पोर घेऊन बाया तुरुंगात गेल्या. दादासाहेब गायकवाडांचं नाव राहिलं, राहायलाच हवं. त्या बायांची नावं? नामांतराला १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षं लागली. त्यात घरं जळलेल्या, पोलिसांच्या काठ्या खाल्लेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कुणी पडवीत पडून आहे, कुणाला संजय गांधी योजनेच्या पैशासाठी तलाठ्याकडं खेटे मारावे लागतात. आपण जयंतीला त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवतो, शाल देतो आणि आकडा फुगवून सांगतो. लाखोंचा मोर्चा, हजारो बंदी. आकडा फुगवला की नाव लिहायची गरज उरत नाही. पोरांनो, या उन्हाळ्यात वही घेऊन बसा त्यांच्यापाशी. ही म्हातारी मंडळी फार दिवस वाट बघणार नाहीत.

असो. पुन्हा हॅरिएटकडे.

१८५९ साली विल्यम सीवर्ड या पुढाऱ्यानं ऑबर्नमधली सात एकर जमीन घरासकट तिला हप्त्यावर विकली, १,२०० डॉलरला. पळून आलेल्या गुलाम बाईला जमीन विकणं तेव्हा कायद्याच्या विरुद्धच होतं. आईबापांना कॅनडाची थंडी सोसत नव्हती म्हणून तिनं हे कर्ज अंगावर घेतलं. ते बरीच वर्षं फिटलं नाही.

मग यादवी युद्ध आलं. १८६२ मध्ये ती दक्षिण कॅरोलिनात पोर्ट रॉयलला गेली. तिथं उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात हजारो मोकळे झालेले गुलाम होते. जुलाब, देवी, ताप. झाडपाल्याचं औषध तिला ठाऊक होतं. ती नर्स झाली, स्वयंपाकीण झाली, धुणंही केलं. आधी शिधा मिळायचा. बाकीचे काळे लोक कुरकुरायला लागले की हिलाच का, तेव्हा तिनं शिधा सोडला आणि रात्री पाय आणि रूट बिअर नावाचं पेय करून ते शिपायांना विकून पोट भरलं. शिवाय ती हेर होती. आठ-नऊ माणसांची टेहळणीची तुकडी तिच्या हाताखाली होती. शत्रूच्या मुलखात जायचं, गुलामांशी बोलायचं, नदीत सुरुंग कुठं पेरलेत ते काढायचं. २ जून १८६३ ला कोम्बाही नदीवर कर्नल माँटगोमेरीची काळी पलटण तिच्या माहितीवर नावांतून आत शिरली. मळे पेटवले आणि सातशेपेक्षा जास्त गुलाम एका दिवसात सोडवून आणले. भाताची शेतं होती ती. पाण्यात उभं राहून भात करणारी माणसं. एका हातात शिजतं भांडं, कडेवर पोर, मागं डुकरू ओढत बायका नावेकडे धावल्या, हे ती म्हातारपणी हसत हसत सांगायची.

या तीनेक वर्षांच्या चाकरीचे तिला सरकारकडून मिळाले सुमारे २०० डॉलर. त्यातूनही तिनं बायकांना धुणं करून कमावता यावं म्हणून एक धोबीघर उभं केलं.

युद्ध संपलं. १८६५ मध्ये घरी परतताना सरकारी पास हातात असताना न्यू जर्सीत आगगाडीच्या कंडक्टरनं तिला डब्यातून उठवलं. ती हलेना. चौघांनी मिळून ओढली, हात पिरगाळला आणि सामानाच्या डब्यात फेकली. हात कित्येक महिने कामाचा नव्हता. सातशे माणसं सोडवणारी बाई घरी अशी पोचली.

तिथून पन्नास वर्षांचं म्हातारपण सुरू होतं असं मी म्हणतो, तेव्हा तिचं वय चाळीस-पंचेचाळीसच होतं. पण गुलामीतून आलेल्या शरीराचं वय वेगळं मोजावं लागतं.

१८६७ मध्ये तिचा पहिला नवरा जॉन टबमन, ज्यानं ती पळाल्यावर दुसरी बायको केली होती, मेरीलँडमध्ये एका गोऱ्यानं भर रस्त्यात गोळी घालून मारला. ज्यूरीनं गोऱ्याला सोडलं. १८६९ मध्ये हॅरिएटनं नेल्सन डेव्हिस या काळ्या माजी सैनिकाशी लग्न केलं. तो तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान, विटा पाडणारा, आणि क्षयानं पोखरलेला. त्याला सांभाळायची तीच. १८७४ मध्ये दोघांनी गर्टी नावाची मुलगी दत्तक घेतली. घरात आणखी कोण? म्हातारे आईबाप, भाऊ, भावांची पोरं, कुणी आंधळा, कुणी लुळा, कुणी अनाथ. दार ठोठावलं की आत घ्यायचं. धान्य संपलं की टोपली घेऊन गावातल्या ओळखीच्या घरी जायचं. स्वतःसाठी मागायला तिला लाज वाटायची, दुसऱ्यासाठी मागताना ती कुणाला ऐकायची नाही.

१८७३ मध्ये तिला फसवलं गेलं. दोघा जणांनी सांगितलं की दक्षिणेतलं गाडलेलं सोनं आहे, २,००० डॉलर रोख द्या. तिनं गावातल्या सावकाराला गळ घालून पैसे आणले. रात्री जंगलात त्यांनी तिला बेशुद्ध केलं, हातपाय तोंड बांधलं आणि पैसे घेऊन पळाले. मेरीलँडच्या जंगलात कुत्र्यांना चकवणारी बाई स्वतंत्र देशात दोन भामट्यांनी लुटली. हे पोस्टरवाले सांगत नाहीत. मला मात्र ती इथं फार जवळची वाटते. कर्ज डोक्यावर असलेलं माणूस सोन्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवतं. आपल्या किती घरांत हे झालंय!

गावात तिला आन्ट हॅरिएट म्हणत. आन्ट म्हणजे मावशी, आत्या. ऐकायला गोड. पण त्या देशात गोरे लोक म्हाताऱ्या काळ्या बाईला आन्ट म्हणत ते मिसेस म्हणावं लागू नये म्हणून. आपल्याकडे पाटलाचं पोर आपल्या आजीला ‘अगं ए म्हातारे’ म्हणायचं, त्याच जातीचा हा प्रकार, थोडा साखरेत घोळलेला. तिच्या माणसांच्या तोंडी मात्र तोच शब्द खरा होता. १८९६ मध्ये वॉशिंग्टनला काळ्या बायांच्या संघटना एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना झाली, तेव्हा सगळ्यात वयस्क म्हणून तिला मंचावर नेलं. त्या बायांनी तिला मदर टबमन म्हटलं. आयडा बी. वेल्स, लिंचिंगच्या विरोधात लिहिणारी ती पत्रकार, आपलं तान्हं घेऊन आली होती. हॅरिएटनं ते पोर दोन्ही हातांवर उचलून सगळ्या सभेला दाखवलं. पुढच्या साली बोस्टनला बायांच्या मताधिकारवाल्यांनी तिचा सत्कार ठेवला. जायला तिकिटाचे पैसे नव्हते. तिनं गाय विकली. सत्कार करणाऱ्यांना ते ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे, तिचा देव.

आता पेन्शनचं सांगतो, कारण सगळी मेख तिथं आहे.

युद्ध संपल्यापासून ती आणि तिचे हितचिंतक अर्ज करत होते. सीवर्डसारख्या मंत्र्यानं, फौजेच्या अधिकाऱ्यांनी शिफारशी दिल्या. सरकारचं उत्तर ठरलेलं, की कागद कुठाय? हेराला नेमणुकीचा कागद कोण देतं? आणि काळ्या बाईला? पंचवीस वर्षं अशी गेली. १८८८ मध्ये नेल्सन वारला. १८९० मध्ये कायदा झाला की युद्धातल्या सैनिकाच्या विधवेला पेन्शन. तिनं लगेच अर्ज केला. मग नवी चौकशी. नेल्सन फौजेत नेल्सन चार्ल्स नावानं भरती झाला होता, तर डेव्हिस आणि चार्ल्स एकच हे सिद्ध करा. पहिला नवरा दुसऱ्या लग्नाआधी मेला हे सिद्ध करा. ज्या नवऱ्याच्या खुन्याला ज्यूरीनं सोडलं, त्या नवऱ्याच्या मरणाचा पुरावा तिनंच आणायचा! जातीच्या दाखल्यासाठी पन्नास सालाआधीचा पुरावा आणायला सांगितलेल्या आपल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, मंजूर झालं. महिना ८ डॉलर. नेल्सन डेव्हिसची विधवा म्हणून.

तिनं सोडलं नाही. १८९८ मध्ये प्रतिज्ञापत्र केलं की नर्स, स्वयंपाकीण आणि हेरांच्या तुकडीची प्रमुख म्हणून माझे १,८०० डॉलर सरकारकडं निघतात. खाली सही नाही, फुली. काँग्रेसमध्ये विधेयक गेलं. महिना २५ डॉलर द्यावेत असं होतं. वरच्या सभागृहाच्या समितीत खळखळ झाली. बाईला सैनिकाचं पेन्शन दिलं तर पायंडा पडेल! शेवटी १८९९ मध्ये तडजोड झाली, २० डॉलर. विधवेचे ८, वर नर्सचे १२. हेरगिरीचा दाम शून्य.

म्हणजे बघा. नवऱ्याची सेवा केली, मान्य. शिपायांच्या जखमा धुतल्या, मान्य. डोकं चालवून लढाई जिंकून दिली, ते मात्र कुठल्या रकान्यात बसेना. बाईचं काम दोनच रकान्यांत बसतं, बायको आणि दाई. काळ्या बाईचं तर तेही कसंबसं. सावित्रीबाईंना आजही कित्येक जण जोतीरावांची बायको म्हणूनच ओळख करून देतात, हे सहज आठवलं.

या २० डॉलरवर ती काय करत होती? म्हाताऱ्यांसाठी घर बांधत होती. १८९६ मध्ये शेजारची २५ एकर जमीन लिलावाला निघाली. सगळे गोरे बोली लावणारे. ही मागं कोपऱ्यात बसून चढवत गेली. १,४५० ला बोली तिच्यावर तुटली तेव्हा नाव काय म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. पैसे खिशात नव्हतेच. बँकेत जमीन गहाण टाकून आणि चर्चच्या मदतीनं भागवलं. गोऱ्यांच्या वृद्धाश्रमात काळ्या म्हाताऱ्यांना घेत नसत, म्हणून तिला हे घर हवं होतं. पण कर झेपेना, हप्ते झेपेनात. १९०३ मध्ये तिनं ती जमीन झायन चर्चच्या नावे करून दिली, या अटीवर की घर चालवा.

२३ जून १९०८ ला घर उघडलं. बँड वाजला, भाषणं झाली, पाहुणे आले. आणि चर्चच्या मंडळींनी नियम केला की आत यायचं तर १०० डॉलर भरा. म्हातारी भडकली. तिचं म्हणणं होतं की ज्याच्याकडे एक पैसाही नाही त्यालाच आत घ्यायचं, असा नियम हवा. ती ज्या चर्चसाठी जन्मभर गुडघे टेकत आली, त्याच चर्चशी ती भांडली, आणि उघडपणे, बातमीदारांपुढं भांडली.

मालकिणीनं १८४९ मध्ये तिची किंमत लावली होती १०० डॉलर. तिच्या माणसांनी तिच्या घराच्या दाराला लावली तीही १०० डॉलर. बाबासाहेबांच्या नावानं उघडलेल्या शाळा-कॉलेजांत डोनेशनची पावती फाडणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांची इथं आठवण येते. नावं घेत नाही, तुमच्या तुमच्या तालुक्यात तुम्हाला माहीत आहेत.

१९११ मध्ये तिला स्वतःला त्या घरात दाखल व्हावं लागलं. पाय चालेनात. पेपरात बातमी आली की ती आजारी आणि कफल्लक आहे, तेव्हा कुठं लोकांनी थोडे पैसे पाठवले. १९१३ च्या मार्चमध्ये न्यूमोनिया झाला. तिला कळलं. तिनं जवळच्यांना खाटेभोवती बोलावून प्रार्थना घेतली, स्वतः सांगत गेली काय म्हणायचं ते. शेवटचं म्हणणं योहानाच्या शुभवर्तमानातलं होतं, की मी तुमच्यासाठी जागा तयार करायला पुढं जाते. स्वर्ग आहे की नाही हा माझा विषय नाही. जन्मभर जिनं पुढं जाऊन जागा तयार केली, फिलाडेल्फियात, सेंट कॅथरिन्सला, ऑबर्नला, तिच्या तोंडी हे वाक्य बसतं एवढं मला दिसतं.

फोर्ट हिलच्या दफनभूमीत तिला लष्करी इतमामानं पुरलं. जिवंतपणी जे फौजेनं मान्य केलं नाही ते शवपेटीला मिळालं. १९१४ मध्ये ऑबर्नच्या कोर्टाच्या इमारतीत तिच्या नावाचा ब्राँझचा फलक बसवला, बुकर टी. वॉशिंग्टन भाषणाला आले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं जाहीर केलं की २० डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र छापू. बरोबर वीसच्या. २०२४ च्या नोव्हेंबरात मेरीलँड राज्यानं, जिथल्या पेपरात तिच्या पकडीची जाहिरात आली होती त्याच राज्यानं, तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं.

पेन्शनच्या फायलीचं शेवटचं पान २००३ सालचं आहे. २५ ऐवजी २० डॉलर दिले, तो १८९९ ते १९१३ पर्यंतचा फरक आजच्या भावानं काढून काँग्रेसनं ११,७५० डॉलर मंजूर केले. ते ऑबर्नच्या तिच्या घराला देण्यात आले. हिशेब विधवेच्या पेन्शनचा होता. फुली मारलेल्या प्रतिज्ञापत्रातले १,८०० डॉलर त्यात धरलेले नव्हते.